स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी

आमचं घर 'स्मार्ट' करताना सगळ्यात उपयोगी पडलेला निर्णय मी सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याच्या, प्लायवर उकिडवा बसून, हातात खडू घेऊन घेतला. सळई बांधून झाली होती, फॅन बॉक्स आणि पाइप जागेवर होते, सकाळी सातला मिक्सर येणार होता. आणि तेव्हा लक्षात आलं, की जिन्याजवळच्या छतात वायफायच्या डबीसाठी पाइपच टाकलेला नाही. वायरमन चपला घालून निघाला होता. त्याला म्हटलं, "दादा, दहा मिनिटं." तो म्हणाला, "काका, तुमची दहा मिनिटं आता माहितीयत मला." पण थांबला बिचारा. त्या एका पाइपाला दोन-अडीचशे रुपये लागले असतील. तो राहिला असता तर आज हॉलच्या छतावरून पांढरी पट्टी ठोकलेली दिसली असती आणि बायकोनं ती मला रोज दाखवली असती.

मी भोसरीच्या एका कारखान्यात 31 वर्षं मेंटेनन्सला होतो. त्यामुळे काँटॅक्टर, रिले, फेज-न्यूट्रल असल्या विजेच्या गोष्टींची भीती नाही. घर बांधायचा अनुभव मात्र शून्य. 2022 च्या दसऱ्याला किरकटवाडीत पाया खोदला, 2024 च्या दिवाळीत राहायला आलो. तळमजला, वर एक मजला, गच्ची. राहायला मी, बायको आणि 84 वर्षांची आई. मुलगा हैदराबादला, "बाबा, बांधताच आहात तर स्मार्ट होम करा" हे टुमणं त्याचं, म्हणजे दिवे, मोटर, कुलूप मोबाइलवरून किंवा आपोआप चालणारं घर. त्यानं यादी पाठवली ती सगळी वस्तूंची होती: हा बल्ब, तो स्पीकर, ते कुलूप. मी ती बाजूला ठेवली. वस्तू चार-पाच वर्षांत जुन्या होतात, भिंत पन्नास वर्षं राहते. म्हणून आधी भिंतीत काय घालायचं ते ठरवलं, वस्तू राहायला आल्यावर एकेक करून घेतल्या. तुमचं काम प्लिंथला, म्हणजे जोत्याला, असेल तर पुढचं सगळं उपयोगी पडेल. गिलावा झाला असेल तरी अर्धं पडेल.

प्रत्येक वस्तूला मी तीन प्रश्न विचारले. गुरुवारी चालेल का? पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. महावितरण लाइट घालवते, पालिका पाणी बंद ठेवते, कधी दोन्ही एकदम. दुसरा, इंटरनेट गेलं तर चालेल का? आणि तिसरा, आईला चालेल का? आई मोबाइल फक्त मावशीशी बोलायला हातात घेते. ती भिंतीवरचं बटण दाबणार आणि दिवा लागला पाहिजे, बास.

या तिसऱ्या प्रश्नावर स्मार्ट बल्ब लगेच बाद झाले. बल्ब कितीही हुशार असला तरी भिंतीवरचं बटण बंद केलं की मेला, आणि आमच्या घरात खोलीतून निघताना बटण बंद न करणाऱ्याला जेवणाच्या वेळी ऐकवलं जातं. म्हणजे हुशारी बटणाच्या मागे, बॉक्समध्ये हवी. बटण हातानंही चालेल, मोबाइलनंही चालेल.

बटणामागची काळी वायर

बटणामागे बसणाऱ्या रिले मॉड्यूलला, म्हणजे मोबाइलच्या निरोपावर दिवा चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीला, दोन गोष्टी लागतात, जागा आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर. साध्या स्विचला न्यूट्रलची गरज नसते. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, येतो, स्विचमधून दिव्याकडे जातो. मॉड्यूल मात्र चोवीस तास जागं असतं, त्याला स्वतःला थोडी वीज लागते. आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांत प्लग असतो म्हणून न्यूट्रल आयता मिळतो. फसगत होते ती जिन्याच्या टू-वे बोर्डात, पलंगाशेजारच्या बोर्डात आणि बाथरूमबाहेरच्या दोन बटणांच्या डबीत. तिथं प्लग नाही म्हणून वायरमन न्यूट्रल आणत नाही, आणि तसा आणायची पद्धतही नाही. न्यूट्रल न लागणारी मॉड्यूलं मिळतात, पण ती दिव्यातूनच बारीक करंट सोडून जगतात. मग रात्री एलईडी बंद असूनही मिणमिणते किंवा लुकलुकते.

म्हणून वायरमनला तोंडी सांगू नका. नकाशावर लाल पेनानं लिहून द्या: प्रत्येक बॉक्समध्ये काळी वायर, 1.5 स्क्वेअर एमएम, टोकाला टेप. आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहा, ती मी लिहिली नव्हती: न्यूट्रल त्याच आरसीसीबीखालचा हवा (आरसीसीबी म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच). आमच्याकडे तळमजल्याला एक आरसीसीबी, वरच्याला दुसरा, दोन्ही 30 मिलिअँपिअरचे. जिन्याच्या दिव्याला फेज खालून आला आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून वरून घेतला गेला. जिन्याचा दिवा लावला की खालचं सगळं घर अंधारात. आरसीसीबी बरोबरच होता. गेलेला करंट त्याच्याकडे परत येत नव्हता, म्हणजे त्याच्या लेखी गळतीच. दोष सापडायला दोन दिवस गेले, आणि मेंटेनन्सवाल्याच्या घरी ते झालं म्हणून नातेवाइकांना आनंदही झाला.

बॉक्स खोल घ्या. दुकानात जो उथळ बॉक्स 'चालतो' म्हणून देतात, त्यात स्विचच्या पाठी चार वायरी बसल्या की मॉड्यूलला श्वास घ्यायला जागा उरत नाही. आणि स्विचच्या एक-दोन जागा मोकळ्या ठेवून प्लेट निवडा. सहाची गरज असेल तर आठची.

पंख्यांबद्दल पटकन. बीएलडीसी पंखे घेणार असाल (घ्याच; साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, हा तीसेक वॅट) तर त्यांना स्मार्ट रेग्युलेटर लावू नका, साधाही लावू नका. त्यांचा वेग आतलं सर्किट ठरवतं. नुसता ऑन-ऑफ स्विच पुरतो. आमच्या आर्किटेक्ट बाईंनी सवयीनं प्रत्येक खोलीत रेग्युलेटर काढले होते, ते खोडून तिथे यूएसबीचे प्लग घेतले.

गीझर, मोटर, एसी असल्या जड गोष्टी बारक्या रिलेवर टाकू नका. 3 किलोवॅटचा गीझर 13 अँपिअर ओढतो. पाकिटावर 16 लिहिलेलं मॉड्यूल ते काही काळ सहन करेल, मग आतला संपर्क चिकटू शकतो आणि गीझर बंदच होणार नाही. डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, काँटॅक्टर, म्हणजे कॉइलनं ओढला जाणारा दणकट स्विच, बसवा, रिलेनं फक्त त्याची कॉइल चालवायची. कारखान्यात हेच करतात, घरात करायला कोणी ना म्हटलेलं नाही.

रिकामे पाइप

आमच्या जिन्याखाली एक कपाट आहे. आर्किटेक्ट बाई तिथे चपला ठेवा म्हणत होत्या. मी म्हटलं, इथे घराचं टेलिफोन एक्स्चेंज. राउटर, नेटवर्क स्विच (नेट सगळ्या केबलींना वाटणारी डबी), कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर सगळं तिथे. दाराला जाळी, कारण या डब्या तापतात. आत इन्व्हर्टरवरचे चार प्लग. घरातली प्रत्येक लॅन केबल, म्हणजे नेटची वायर, इथून निघते: टीव्ही, तिन्ही झोपायच्या खोल्या, दोन्ही मजल्यांच्या छतात एकेक, कोपऱ्यांत चार कॅमेरे, दाराची घंटा, फाटक. एकूण बारा.

लोक विचारतात, सगळं वायफायवर चालतं तर केबल कशाला? तर वायफाय स्लॅबमधून जाताना दमतं. आरसीसीत लोखंडाची जाळी आहे, सिग्नलच्या दृष्टीनं ती गाळणीच. एक राउटर खाली ठेवून वरच्या खोलीत चांगला वेग मिळण्याची आशा करू नका. प्रत्येक मजल्याच्या छतात मध्यावर एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी डबी, त्याला खालून केबल. कॅट सिक्स केबल 100 मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लांबी येतच नाही. त्याच केबलनं वीजही जाते, पीओई म्हणतात त्याला, म्हणजे कॅमेऱ्याजवळ आणि छतात वेगळा प्लग नको. आणि सगळ्याची वीज एका कपाटातून जात असल्यामुळे ते एक कपाट इन्व्हर्टरवर असलं की गुरुवारीही कॅमेरे आणि वायफाय चालू.

केबल घ्यायला मी तपकीर गल्लीत गेलो. तिथे 305 मीटरचा बॉक्स निम्म्या किमतीतही मिळतो. त्यात तांबं नसतं, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर ठेवून द्या. पीओईसाठी असली केबल तापते, आणि भिंतीत गेल्यावर तिला बदलणं म्हणजे काय ते सांगायला नको.

लॅनचा पाइप विजेच्या पाइपाला खेटून नेऊ नका, फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात. एका पाइपात गच्च केबल भरू नका, अर्ध्याच्या आतच. आणि प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी एक पाइप निव्वळ रिकामा, आत नायलॉनची दोरी. आमचे असे सात आहेत: गच्चीपासून कपाटापर्यंत दोन, मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत एक, फाटकापर्यंत एक, हॉलच्या खिडकीवर पडद्याच्या मोटरसाठी एक, टीव्हीमागे एक, देवघरामागे एक. देवघरामागचा कशासाठी ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गच्चीवरच्या पाइपाबद्दल सांगतो, कारण तो बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे फायबर खांबांवरून लोंबत येतो आणि गच्चीवर उतरतो. पाइप नसेल तर इंटरनेटवाला मुलगा खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो, विचारत नाही. पाइपाचं तोंड गच्चीवर खाली वळवून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात घराच्या मध्यभागी नळ सुरू होतो. वळणं मोठ्या बेंडची. काटकोनी एल्बोतून फायबर जात नाही, गेली तर मोडते.

स्लॅब भरताना स्वतः हजर राहा. पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मधे असतात, त्यावरून लोक घमेली घेऊन पळत असतात, व्हायब्रेटर फिरत असतो. एक सांधा निसटला की आत सिमेंटचं पाणी जातं आणि पाइप कायमचा बंद. सांधे सोल्युशननं चिकटवा, नुसते खोचू नका. तोंडं टेपनं बंद. तरी आमचा एक तुंबलाच, वरच्या मागच्या खोलीचा. सेंटरिंग काढल्यावर वायर ओढायची स्प्रिंग घालून बघितली तेव्हा कळलं. त्या वेळी भिंतीला झिरी मारून दुसरा मार्ग काढता आला. गिलाव्यानंतर कळलं असतं तर बसलो असतो हात चोळत. म्हणून सेंटरिंग निघाल्या दिवशी सगळ्या पाइपांत स्प्रिंग फिरवा, गिलाव्याच्या आधी पुन्हा एकदा.

आणि गिलाव्याच्या आधी फोटो. प्रत्येक भिंतीचा, कोपऱ्याला टेप लावून, जमिनीपासून आणि कडेपासून किती सेंटिमीटरवर पाइप आहे ते आकडे दिसतील असा. मी 140 फोटो काढले. स्वयंपाकघराच्या कपाटांचा सुतार ड्रिल घेऊन उभा राहिला तेव्हा त्यातला एक काढून दाखवला. तो म्हणाला, "एवढं कोण करतं?" आणि भोक चार इंच डावीकडे घेतलं.

पाण्याचं

इथे मी सगळ्यात जास्त डोकं लावलं आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच केली. किरकटवाडी 2021 मध्ये पालिकेत आली, तरी उन्हाळ्यात टँकर चुकत नाहीत. आमची जमिनीखालची टाकी 8,000 लिटरची, गच्चीवरची 2,000 ची, मधे 1 एचपीची मोटर. मोटर विसरली की गच्चीवरून धबधबा, खालची टाकी रिकामी असताना चालू राहिली की मोटर जळते. म्हणजे घरात कुठं स्मार्टपणाची खरी गरज असेल तर इथं.

तीन प्रकार करून झाले. पहिला धातूच्या कांड्यांचा: पाणी कांडीला टेकलं की सर्किट पूर्ण. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, चार महिन्यांत कांड्यांवर क्षार बसले आणि टाकी भरली तरी मोटरला कळेना. दुसरा अल्ट्रासॉनिक, झाकणाला लावून वरून आवाजाच्या लहरीनं अंतर मोजणारा. महिनाभर छान चालला. मग टाकीतल्या वाफेचे थेंब त्याच्या तोंडावर जमले आणि पहाटे टाकी 'भरलेली', दुपारी 'रिकामी' दिसायला लागली. शेवटी कारखान्यातला जुना मित्र परत आणला, वायरला लोंबणारा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच. वर दोन, खाली एक. ते थेट काँटॅक्टरच्या कॉइलला जोडलेत. खालच्या टाकीत पाणी असेल आणि वरच्या टाकीतलं पाणी उतरलं असेल तरच मोटर सुरू होते. यात इंटरनेट नाही, वायफाय नाही. स्मार्ट रिले नुसता बाजूला बसून बघतो, मोटर चालू झाली, इतकी मिनिटं चालली, आणि नेहमीपेक्षा जास्त चालली तर मोबाइलवर निरोप देतो. शेजारी एक ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर, म्हणजे सगळं बिघडलं तरी बायको हातानं मोटर लावू शकते. तो सिलेक्टर लावायला लाजू नका. 1 एचपीची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणून इथे काँटॅक्टरशिवाय पर्याय नाही.

चूक ही, की वरच्या टाकीपर्यंत सेन्सरसाठी पाइप ठेवायला मी विसरलो. सात रिकामे पाइप ठेवणारा माणूस हा एक विसरला. केबल बाहेरच्या भिंतीवरून क्लिपा मारून नेली आणि आठ महिन्यांत खारीनं ती कुरतडली. आता जीआयच्या (लोखंडी) पाइपातून नेलीय, मागून बघितलं तर घराला सलाइन लावल्यासारखं दिसतं.

फ्लोटच्या वायरला टाकीबाहेर, पाण्यापासून लांब, काढता-घालता येणारा जोड ठेवा. 2025 च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली तेव्हा किरकटवाडी, नांदेड, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती. तेव्हापासून आम्ही टाक्या वरचेवर धुतो, आणि धुणारा माणूस सेन्सर दिसला की आधी तो ओढून काढतो.

लाइट, सूर्य आणि वळीव

वायरिंग सुरू व्हायच्या आधी इन्व्हर्टरवर काय चालणार ते ठरवा, कारण त्याची सर्किटं वेगळी काढावी लागतात. आमची: प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा, जिना, स्वयंपाकघरातला ओट्यावरचा दिवा, फाटक आणि जिन्याखालचं कपाट. कपाटातलं सगळं मिळून एखाद्या साध्या पंख्याएवढीच वीज खातं. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाताना तो जो क्षणभर रेंगाळतो तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा उठतो आणि तीन मिनिटं सगळं घर मुकं.

सोलरबद्दल एक गैरसमज आमच्या गल्लीत अजून आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान, आम्हीही घेतलं. पण साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर गुरुवारी दुपारी, डोक्यावर ऊन असताना, बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ग्रिड गेली की सोलरच्या इन्व्हर्टरनं थांबायचं, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. लाइट गेल्यावरही चालावं असं वाटत असेल तर बॅटरीवाला हायब्रिड घ्यावा लागतो. तो आज परवडत नसेल तर निदान गच्चीपासून मीटरपर्यंत जाड पाइप आणि डीबीत मोकळी जागा आजच ठेवा. मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंतचा रिकामा पाइपही याच हिशेबातला: 7.4 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर घेतो, त्याला 6 स्क्वेअर एमएमची वायर लागेल. आज आमच्याकडे एक स्कूटर आहे, तिला 16 अँपिअरचा प्लग पुरतो.

एप्रिल-मेच्या वळवात सिंहगडाच्या बाजूनं जे कडाडतं ते ज्यानं ऐकलंय त्याला सर्ज प्रोटेक्टर समजावून सांगावा लागत नाही. डीबीत टाइप टूचा एसपीडी, म्हणजे वीज उसळली की ती जमिनीत सोडणारा हाच सर्ज प्रोटेक्टर, बसवा. अर्थिंग नीट नसेल तर तो शोभेचा आहे, म्हणून आधी अर्थिंग मोजून घ्या, वायरमनच्या "एकदम ओके आहे"वर जाऊ नका. घरभर नाजूक सर्किटं पेरायची आणि अर्थिंगला चालढकल करायची, हे मला समजत नाही.

मग वस्तू

वायफायवरच्या स्वस्त वस्तू बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात आणि त्यांचा मेंदू कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवर असतो. ती कंपनी बंद पडली की बटण उरतं, हुशारी जाते. मी सेन्सरांसाठी झिगबी घेतलं, म्हणजे वायफायऐवजी वस्तूंनी आपापसात बोलायची बिनतारी पद्धत: एक छोटा हब कपाटात, आणि विजेवर चालणारं प्रत्येक मॉड्यूल पुढच्याला निरोप पोचवतं, त्यामुळे स्लॅबचा त्रास कमी. सगळं घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालतं, होम असिस्टंट नावाची फुकट प्रणाली आहे त्यावर. इंटरनेट गेलं तरी वेळापत्रकं चालतात. नवीन काही घेताना पाकिटावर मॅटरची खूण बघा. 2022 मध्ये आलेलं हे मानक गूगल, अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन सगळ्यांनी मान्य केलंय, म्हणजे उद्या प्रणाली बदलली तरी वस्तू फेकायला नको. एवढं करायची हौस नसेल तरी एक पाळा: पाच वस्तूंसाठी पाच अ‍ॅप होऊ देऊ नका.

घरातली सगळ्यात चांगली स्मार्ट वस्तू साडेतीन हजारांतली आहे. आईच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीपासून फूटभर उंचीवर तीन मंद पिवळे दिवे, आणि पलंगाच्या पायथ्याशी हालचाल टिपणारा सेन्सर. रात्री दहा ते सहा आईनं पाय खाली ठेवला की दिवे लागतात, पाच मिनिटांनी विझतात. यासाठी त्या उंचीवर बॉक्स आधीच ठेवावे लागतात, भिंत झाल्यावर सुचून उपयोग नाही. आईला सेन्सर वगैरे माहीत नाही. ती मावशीला सांगते, "आमच्याकडचे दिवे माझ्याबरोबर उठतात." शिवाय पलंगाजवळ आणि बाथरूममध्ये एकेक घंटेचं बटण, साध्या वायरीचं, जे आमच्या खोलीत वाजतं. त्यात हुशारी शून्य आणि तसंच बरंय.

दाराचं डिजिटल कुलूप मात्र फसलं. आईच्या बोटांचे ठसे झिजलेत, आधारच्या यंत्रालाही उमटत नाहीत, तर कुलपाला कसे उमटणार? त्यात आमचं दार लाकडी. जुलैत फुगलं, बोल्ट चौकटीत अडकायला लागला, मोटर कुरकुरून बॅटऱ्या संपवायला लागली. चौकटीतलं भोक कानस मारून मोठं केलं, आता चालतं, पण किल्लीचं भोक असलेलंच कुलूप घ्या आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.

गॅसचा सेन्सर घेताना आपल्याकडे कुठला गॅस आहे ते आधी बघा. आमच्याकडे सिलिंडर, एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभर वर. कोथरूडला बहिणीकडे पाइपचा गॅस आहे. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर चढतो, म्हणजे सेन्सर छताजवळ हवा आणि मिथेनचाच हवा. तिनं माझं बघून खाली बसवला होता. दुकानदारानं विचारलं नाही, मीही नाही. दोन्ही ठिकाणी प्लगची जागा आधी ठरवावी लागते. आणि गळती झाली की आपोआप पंखा लागेल असली योजना मुळीच करू नका. त्या रिलेची ठिणगीच पुरे होईल. नुसता भोंगा वाजू दे.

कॅमेरे चार. प्रत्येकी सरासरी 2 एमबीपीएस धरली तर चौघांचं दिवसाला 86 जीबी होतं, म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर अकरा-बारा दिवस. एप्रिल 2025 पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीचं, एसटीक्यूसीचं प्रमाणपत्र लागतं. दुकानात ते मागा, जुना माल गळ्यात मारतात. कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची खिडकी येत असेल तर तोंड फिरवा. आमचा मागचा कॅमेरा रोज रात्री दोन वाजता चोर दाखवायचा. कोळी होता, भिंगासमोर जाळं विणत असायचा. केरसुणीच्या काडीनं दर रविवारी काढतो.

बोलका स्पीकर मुलानं पाडव्याला आणला. त्याला हिंदी येतं, मराठी येत नाही. आईनं दोन दिवस त्याच्याशी बोलून बघितलं, मग म्हणाली, "पुण्यात राहायचं तर शिकू दे की." आता तो बायकोला कुकरच्या शिट्ट्यांची वेळ सांगतो, तेवढाच.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण करा. सगळ्या खात्यांना एकच वेगळा ईमेल पत्ता, माझा वैयक्तिक नाही, घराचा. डीबीच्या प्रत्येक एमसीबीखाली मराठीत नाव. कुठलं मॉड्यूल कुठल्या बॉक्समध्ये आहे याची वही कपाटात, कारण उद्या मी दवाखान्यात असलो तर वायरमनला माझ्या डोक्यातलं वाचता येणार नाही. वायफायचा पासवर्डही मी मोठ्या अक्षरांत लिहून डीबीच्या दाराच्या आतून चिकटवला होता. आईनं तो चष्मा लावून शेजारच्या पोराला वाचून दाखवला, अभ्यासाला पाहिजे म्हणाला म्हणून. आता पाहुण्यांचं वायफाय वेगळं आहे, त्यावरून घरातलं एकही बटण दिसत नाही, आणि चिकटवलेला कागद त्याचा आहे.